गोगलगाईंची पंगत

वाळवंट (गावाचं नाव लिहायला मनाई),
८ मार्च १९४२

ति. ताईस,
हेमूचा वाळूने भरलेला नमस्कार.

"तिकडे पोटाचे हाल तर नाहीत ना?" असं तू विचारलं आहेस. ताई, हाल माझ्या पोटाचे नाहीत, माझ्या पोटात जाणाऱ्या प्राण्यांचे आहेत.

गेल्या आठवड्यात आमच्या रसद डेपोवर टोळधाड आली. तंबू, लॉऱ्या, साहेबाची टोपी, सगळ्यावर टोळ. आम्हाला अंडी विकणारा एक म्हातारा अरब आहे, तो आनंदाने नाचायलाच लागला. त्याने पत्रा तापवला, वर मीठ फेकलं, टोळ भाजले आणि पुढे केले. आमचा पंजाबी हवालदार म्हणाला, "बाबू, ये तुम्हारे बस का नहीं." झालं. डोकं मोडायचं, पाय ओढून टाकायचे, उरलेलं तोंडात. भाजलेल्या हरभऱ्यासारखं लागतं, फक्त हरभरा आपल्याकडे बघत नाही.

त्यानंतर भीड चेपली. सुट्टीत कैरोला गेलो तेव्हा गव्हाच्या भरड्याने पोट भरलेलं कबूतर खाल्लं. परवा उंट. उंट चावायला पूर्ण दुपार लागते, पण दुपारी इथे दुसरं काही करण्यासारखं नसतंच. जग खूप मोठं आहे आणि त्यातलं बरंचसं खाता येतं, एवढं मला इथे समजलं.

हे पत्र बापूंना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
हेमचंद्र


खमरिया, जबलपूर,
३ मे १९४२

चि. हेमूस आशीर्वाद (आतापुरते).

बापूंना वाचून दाखवू नकोस, असं आत लिहिलंस आणि पाकिटावर पत्ता बापूंचाच घातलास. फौजेत तुला रसदीचा हिशेब ठेवायला दिला आहे म्हणे. सरकार जिंकणार कसं?

पत्र पोचलं तेव्हा बापूंकडे रामरावकाका बसले होते. ते आता आमच्या नव्या दारूगोळ्याच्या कारखान्यात हेडक्लार्क आहेत, म्हणजे ह्यांचे साहेब. शिवाय समाजाच्या पंगतीत कोणी कुठे बसायचं तेही तेच ठरवतात. बापूंना चष्म्याशिवाय दिसत नाही, तर काका म्हणाले, "लाओ, मी वाचतो." आणि वाचलं. टोळ आले तेव्हा "राम राम" म्हणाले, कबूतर आलं तेव्हा कानाला हात लावले. मग नीट राग यावा म्हणून सगळं पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्या खेपेला उंटापाशी जरा जास्तच रेंगाळले.

निकाल असा: तू परत आलास की प्रायश्चित्त घ्यायचं, समाजासमोर पंचगव्य प्यायचं. नाही तर तुझं पान कायमचं ओसरीवर. बापूंनी चष्मा शोधून आणला, स्वतः एकदा पत्र वाचलं, मग तुझा पाट उचलून माळ्यावर ठेवला.

मला मात्र हसू आवरेना. वरणात माशी पडली म्हणून पातेलं ओतायला लावणारा तू! आता टोळाचे पाय काढून राहिलास. इकडचं बरं आहे. क्वार्टर मिळालं, पण भिंती अजून ओल्या. कारखाना एकीकडे बांधून राहिले, एकीकडे चालवून राहिले. हे सायकलवर जातात आणि पांढरे होऊन येतात, चुन्याने की काकांच्या बोलण्याने ते कळत नाही.

तुझी,
विनता ताई

ता. क. हरभऱ्यासारखं म्हणजे खारवलेल्या की साध्या?


युद्धकैदी छावणी, इटली,
१९ नोव्हेंबर १९४२

ति. ताई,

मी जिवंत आहे. जूनमध्ये सगळा डेपो पकडला गेला. काळजी करू नका, इथे मेजवान्या चालू आहेत. शेवया हातभर लांब, त्यांना मॅकरोनी म्हणतात. आठ पायांचा एक समुद्री प्राणी तेलात तळून देतात. एका चीजमध्ये जिवंत अळ्या असतात, त्या असल्या तरच ते चांगलं समजतात. माझं वजन वाढलं आहे. कार्ड संपलं.

हेमू


खमरिया,
२१ जानेवारी १९४३

चि. हेमू,

जुलैत तार आली होती, "बेपत्ता". तारेत तेवढंच होतं. तेव्हापासून बापूंनी गोड सोडलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "दात दुखतो." सहा महिने एकच दात दुखला. तुझं कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी गूळ मागून घेतला.

आता तो आनंद झाला, तर माझा राग ऐक. इकडे गहू बाजारातून नाहीसा झाला आहे. रेशनच्या दुकानासमोर बायका सकाळपासून उभ्या असतात. कुंडमच्या खेड्यांतून येणारा भरड कोदो मिळाला तर नशीब. तो शिजवला की पोरं तोंडं वाकडी करतात. आणि तू तिकडे मेजवान्या झोडून राहिलास! आठ पायांचा प्राणी! आम्हाला इथे एका पायाचं काही मिळत नाही. कार्डावर तेवढीच जागा होती तर "ताई, तू कशी आहेस" एवढं तरी लिहायचं. काहून लिहिलं नाहीस? अळ्यांना मात्र जागा झाली.

काका म्हणाले, "कैदेतही जिभेचे चोचले!" पण काकांचीच एक गंमत सांगते. कारखान्यातून बदलून जाणाऱ्या गोऱ्या साहेबाला निरोपाचा चहा होता. टेबलावर विलायती डब्यातले गुलाबी काप मांडले होते. काकांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. ह्यांनी हळूच सुचवलं, "साहेब, ते मांस असावं." काका घास गिळून म्हणाले, "छे! विलायती सुरण आहे." आणि तिसरा उचलला. तो दिवस एकादशीचा होता. सुरण उपासाला चालतं ना.

परत येताना चांगली भूक घेऊन ये. इकडे तिचीच काय ती टंचाई नाही.

ताई


खमरिया,
१२ डिसेंबर १९४३

चि. हेमू,

सप्टेंबरात लिहिलेलं माझं पत्र परत आलं. वरचा शिक्का कुणालाच वाचता येत नाही. पेपरात येतं की इटलीने बाजू बदलली, तिथल्या छावण्या रिकाम्या झाल्या, आणि जर्मन सुटलेल्यांना शोधून राहिले आहेत. हे पत्र कुठे टाकावं तेही माहीत नाही, म्हणून जुन्याच पत्त्यावर टाकते.

मागे मी फार बोलले. ते राहू दे. तुला जे मिळेल ते खा. टोळ खा, अळ्या खा, झाडाचा पाला खा. कोणाचंही खा. खा आणि जिवंत राहा.

विनता


इटली, फौजी इस्पितळ,
२२ जून १९४४

ति. ताईस,
हेमूचा अंथरुणातून नमस्कार. या महिन्यात आपली फौज इथवर आली आणि मी सुटलो. पाय बरा होत आहे. छावणी सुटल्यानंतरची तुझी पत्रं इथे एकदमच मिळाली, दहा शिक्के घेऊन. फौजी डाक अशीच असते.

आधी मेजवान्यांचं सांगतो. छावणीत रोज कोबीचं पाणी आणि मुठीएवढा पाव मिळायचा. आम्ही दुपारी भिंतीला पाठ लावून बसायचो आणि प्रत्येकाने आपल्या घरचा एकेक पदार्थ सांगायचा, फोडणीपासून. आठ पायांचा प्राणी आमच्या पहारेकऱ्याच्या आईचा. अळ्यांचं चीज त्याच्या मामाचं. मी ते फक्त ऐकलं, आणि उपाशी माणूस दुसरं लिहिणार काय? तुझं रागाचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. कोदो आला तेव्हा एका गढवाली शिपायाने "फिर से पढ़ो" म्हटलं. काका उंटापाशी रेंगाळले तसंच.

सप्टेंबरात पहारेकरी बंदुका टाकून पळाले. फाटक उघडं. आम्ही डोंगरात शिरलो. माझा बूट फाटला, पाय चिघळला, ताप भरला. बाकीचे पुढे गेले. मी एका गोठ्यापाशी पडलो. तिथल्या म्हातारीचं नाव अस्सुंता. विधवा. मुलगा रशियाच्या लढाईवर गेला तो परतला नव्हता. तिने मला पायाने हलवून पाहिलं, जिवंत आहे म्हटल्यावर शिव्या दिल्या आणि ओढत आत नेलं.

पहिल्या दिवसाचं जेवण सांगतो. मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं म्हण, ते तिने टेबलाच्या फळीवर सरळ ओतलं. ताट नाही, वाटी नाही. मधोमध टोमॅटोत शिजवलेल्या गोगलगाईंचा ढीग. रीत अशी की चहूबाजूंनी बसायचं, आपापल्या काठापासून आत खात जायचं. जो आधी मध्यावर पोचेल त्याला गोगलगाई. तिच्या दिराला एकही दात नव्हता आणि तो सगळ्यांच्या आधी पोचायचा. मी चमचा धरून बसलो. चित्राहुती घालायला जागाच नव्हती गं! पानाभोवती पाणी फिरवायचं तर टेबलाभोवती फिरवावं लागलं असतं आणि मग त्यात ती, तिचा दीर, शेजारीण, सगळेच आले असते. अस्सुंताने माझ्याकडे पाहिलं, आपल्या बाजूची एक गोगलगाय बोटाने माझ्याकडे ढकलली आणि म्हणाली, "मांज्या." म्हणजे खा. चव? उकडलेल्या चपलेच्या पट्ट्याला लसूण लावल्यासारखी. दुसऱ्या दिवशी मी दिराच्या आधी मध्यावर पोचलो.

थंडीत जे मिळेल ते. एकदा तिने साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा काटेरी प्राणी भाजला. एकदा मी म्हटलं, आता माझ्या देशाचं खा. तिच्याकडे चणे होते, ते दळले, लसूण-मिरची घालून पिठलं केलं. ताई, तू पाहिलं असतंस तर मला घराबाहेर काढलं असतंस. तिने एक घास घेतला, डोळे पुसले आणि विचारलं, "हे जेवण आहे की खेचराच्या गुडघ्याला लावायचं औषध?" मग सगळं संपवलं आणि भांडं पावाने पुसून तेही खाल्लं. पुढे गावात कोणाला खोकला झाला की मला बोलावणं यायचं.

फेब्रुवारीत जर्मन आले. ती दारात शेंगा सोलत बसली होती. मी मेंढ्यांत. तिने सांगितलं, बहिरा-मुका पुतण्या आहे. मी तिच्या नवऱ्याचा कोट घालून तोंड उघडं टाकून उभा होतो. ते मला जमतं, बापूंना विचार. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी खेचर नेलं, मेंढ्या नेल्या आणि गवताच्या गंजीला आग लावली. आग घराच्या छपराला लागली. अर्धं छप्पर गेलं, बर्फ आत पडायला लागलं. मला बाहेर काढून दिलं असतं तर छप्पर राहिलं असतं. ते तिलाही माहीत होतं. त्यावरून तिने मला एकदाच टोमणा मारला: "फार महागाचा मुका मिळाला मला."

तिला छातीत कफ झाला. मी मक्याची पेज करून भरवत होतो. मिरचीचं पिठलं कर म्हणाली, ते केलं तेव्हा तिला गिळवेना. मार्च लागायच्या आत गेली. दिराने आणि मी खड्डा खणला.

बापूंना हे सगळं सांग. या वेळी पाकिटावर पत्ता तुझाच घातला आहे.

हेमू


खमरिया,
१४ जुलै १९४४

चि. हेमूस अनेक आशीर्वाद.

पत्र चुलीपाशी वाचलं. पोळी करपली. ह्यांनी करपलेली पोळी तशीच खाल्ली, मग ह्यांनीही पत्र वाचलं.

तू सुखरूप आहेस एवढं बापूंना सांगितलं. बाकीचं अजून नाही, कारण तिथे काका होते आणि "हेमू येतो" हे ऐकताच ते तयारीला लागले. भटजी ठरले. दिवस ठरायचा आहे. समाजाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मुंडन, मग पंचगव्य, मग पंगत. मेनूसुद्धा ठरवून राहिले! जिलबी हवी की श्रीखंड यावर वाद चालू आहे.

हेमू, मी एक विचारते. एक पळीभर घेऊन टाक ना. डोळे मिटून. तू काय काय गिळलं आहेस! बापू थकले आहेत, ते समाजाविरुद्ध जाणार नाहीत. आणि काका ह्यांचे साहेब. एका पळीत सगळं मिटतं.

ताई


इटली,
९ ऑगस्ट १९४४

ति. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून खूप हसलो. मग राग आला. मग पुन्हा हसलो. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. साऱ्या जगाच्या चित्रविचित्र पदार्थांत हा घरचा एकच चाखायचा राहिला होता! इथल्या लोकांना सांगितलं तर एकाचाही विश्वास बसत नाही. ज्याच्या मामाने अळ्यांचं चीज खाल्लं तो पहारेकरी असता तर म्हणाला असता, तुम्ही लोक काहीही खाता.

पण ताई, नाही. पळीभर नाही, थेंबभरही नाही. टोळ खाल्ला तेव्हा पैज होती. गोगलगाय खाल्ली तेव्हा भूक होती. हे कशासाठी खायचं? त्या बाईने मला विटाळलं म्हणून? मी ती पळी घेतली तर तिच्या फळीवरचं सगळं अन्न घाण होतं असं सगळ्यांसमोर म्हटल्यासारखं होईल. तिचं छप्पर माझ्यामुळे गेलं. तिच्यावर हेही करू?

ओसरीवर जेवेन. ओसरीवर हवा चांगली असते. नाही तर नागपूरला नोकरी बघेन आणि तुला दिवाळीला भेटून जाईन. बापूंना म्हण की पाट माळ्यावरच राहू द्या. त्यावर काही नाराजी नाही.

हे पत्र मात्र वाचून दाखव. काका असले तरी चालेल. असले तर बरंच.

हेमू


खमरिया,
१८ सप्टेंबर १९४४

चि. हेमूस आशीर्वाद, मनापासून.

वाचून दाखवलं. दोन्ही पत्रं, एकही ओळ न गाळता. बापू झोपाळ्यावर, काका खुर्चीत, हे दाराशी. काका मधेच म्हणाले, "म्लेंच्छ बाईच्या हातचं खाऊन वर तोरा! अरे भाई, धर्म आहे की नाही?" मी विचारलं, "काका, विलायती सुरण आता बाजारात मिळून राहिलं का? तुम्हाला फार आवडलं होतं, एकादशीला." ह्यांचा चेहरा कारखान्याच्या भिंतीसारखा पांढरा झाला. बापूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "उशीर झाला," आणि छत्री विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ह्यांना दारू भरायच्या शेडमध्ये बदली मिळाली, जिथे ठिणगी उडू नये म्हणून हिवाळ्यातसुद्धा अनवाणी काम करावं लागतं. मी घाबरले होते, पण हे म्हणाले, "चलो, काकांचा आवाज तरी तिथवर येत नाही."

बापू त्या दिवशी एवढंच म्हणाले, "ती पत्रं इथे ठेवून जा." पुढे कितीतरी दिवस तुझा विषय निघाला की पंचांग चाळायला घ्यायचे. मला वाटलं, संपलं. प्रायश्चित्ताचा दिवस विचारायला भटजी आले तर त्यांना "मग बघू" म्हणून परत पाठवलं.

काल सर्वपित्री अमावस्या. आम्ही ग्वारीघाटावर गेलो. नर्मदेला पाणी खूप होतं. बापू गुडघाभर पाण्यात उभे, भटजी पायरीवर, काकाही त्यांच्या लोकांचं तर्पण करायला आलेले, आमच्या शेजारीच. बापूंशी बोलत नव्हते, पण कान इकडेच. बापूंनी आजोबांचं नाव घेतलं, पणजोबांचं, मग आपल्या दोघांच्या आईचं. "सत्यभामा" म्हणताना त्यांचा आवाज दर वर्षी बारीक होतो, तसा झाला. भटजी पुढचं म्हणायला लागले तर बापूंनी हात वर करून थांबवलं आणि मला विचारलं, "विनता, त्या बाईचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, "अस्सुंता."

"अस्सुंता," बापू भटजींना म्हणाले. "सत्यभामेच्या नंतर लगेच घ्या."

भटजी गडबडले. "गोत्र?"

"ठाऊक नसलं की काश्यप. तुम्हीच सांगता ना दर वर्षी?"

"पण नातं काय सांगू?"

बापूंनी ओंजळ पुन्हा भरून घेतली. मग म्हणाले, "मुलाची आई."

काकांना राहवलं नाही. ते पाण्यातूनच ओरडले, "विष्णुपंत! ख्रिस्ती बाईला तीळपाणी पोचतं तरी का?"

बापू म्हणाले, "तिचं अन्न माझ्या पोराला पोचलं," आणि ओंजळ सोडली.

तुझी,
ताई